‘नेक्स्ट’चे अंडरस्कोअर आणि रिकामं लूप

डिसेंबर २००१ मध्ये पायथन २.२ आलं आणि भाषेला इटरेटर मिळाला. पुढची वस्तू हवी तर ‘नेक्स्ट’ ही मेथड कॉल करायची. वस्तू संपल्या की ‘स्टॉपइटरेशन’. भाषा स्वतःहून कॉल करते त्या बाकीच्या मेथड्सच्या नावाला दोन्हीकडे दुहेरी अंडरस्कोअर, हिला मात्र नव्हते. मूळ प्रस्तावाचे सहलेखक का-पिंग यी यांनीच २००७ साली ही विसंगती काढायला सुचवलं. डिसेंबर २००८ च्या पायथन ३.० मध्ये मेथडला अंडरस्कोअर लागले.

दोन्ही आवृत्त्या सांभाळणाऱ्यांची कसरत इथून सुरू झाली. इटरेटर नुसता वापरणाऱ्याला फारसा त्रास नव्हता, कारण २.६ मध्ये आलेलं ‘नेक्स्ट’ फंक्शन दोन्हीकडे चालायचं. क्लास लिहिणारे मात्र नव्या मेथडलाच जुनं नावही देणारी एक ओळ खाली चिकटवत. त्यात एक खोच होती. सबक्लासने नवी मेथड बदलली तरी जुनं नाव मूळ क्लासच्याच मेथडला धरून बसे आणि पायथन २ वर भलतंच उत्तर येई. ‘सिक्स’ लायब्ररीतल्या ‘इटरेटर’ क्लासने ही अडचण नीट सोडवली.

तरी माझ्या मते नावाचा बदल हा त्यातला सज्जन भाग. चुकलं की ‘टाइपएरर’ येऊन प्रोग्राम जागीच थांबे. घात केला तो मॅप, फिल्टर आणि झिप यांनी. आधी ही फंक्शन्स लिस्ट देत, आता इटरेटर देऊ लागली. झिपचा निकाल एकदा बेरजेसाठी फिरवला आणि मग फाइलीत लिहायला पुन्हा घेतला, तर दुसरं लूप रिकामंच जाई. एरर नाही, वॉर्निंग नाही. फाइल मात्र कोरी. ‘टू-टू-थ्री’ हे साधन असे कॉल बहुधा लिस्टमध्ये गुंडाळून देई. उत्तर बरोबर, पण मेमरी वाचवायचा हेतू पाण्यात!

पायथन ३ वर पोचलेल्यांनाही पुढे एक धक्का होताच. २०१८ च्या ३.७ पासून जनरेटरच्या आतून निसटलेलं ‘स्टॉपइटरेशन’ सरळ ‘रनटाइमएरर’ होऊ लागलं. त्याआधी जनरेटर अशा वेळी गुपचूप संपत असे. हा बदल मला तरी पटतो.

एप्रिल २०२० मध्ये २.७ ची शेवटची आवृत्ती आली. जुन्या कोडमध्ये ती चिकटवलेली ओळ अजून दिसली, तर पायथन २ चा आधार सुटल्याची खात्री करून खुशाल काढा. मॅपभोवतीची लिस्ट काढण्याआधी मात्र तोच निकाल खाली दुसऱ्यांदा कुठे फिरवलाय का, ते बघा.