माल सिंहलीत विकावा लागतो
श्रीलंकेतील खासगी टीव्ही वाहिन्यांचा व्यवहार

आपण मराठीत टीव्हीच्या चॅनेलला 'वाहिनी' म्हणतो. श्रीलंकेत सिंहली भाषेत खुद्द टीव्हीलाच 'रूपवाहिनी' म्हणतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले, त्यात शाळा उर्दूतून झालेली, तेव्हा भाषापंडित असल्याचा दावा नाही. परंतु सिंहली नावे कानावर पडली की ओळखीची वाटतात. 'सिरसा'मध्ये आपले 'शिर' आहे, 'देरणा' म्हणजे धरणी. 'हिरू' म्हणजे सूर्य. ही तिन्ही तिथल्या खासगी सिंहली वाहिन्यांची नावे आहेत. यांपैकी सिरसा या वाहिनीचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे, कारण सिंहली भाषेतील या वाहिनीचे मालक मुळात तमिळ व्यापारी घराणे आहे.

२०१२ च्या जनगणनेनुसार श्रीलंकेची लोकसंख्या दोन कोटी तीन लाखांच्या घरात होती. त्यात सुमारे ७५ टक्के सिंहली आणि दहा टक्क्यांच्या आत मुसलमान. तिथल्या बहुतेक मुसलमानांची घरातली भाषा तमिळ आहे. परंतु कोलंबोच्या पेट्टा बाजारातला मुसलमान कापडवाला दुकानात तमिळ धरून बसला तर त्याचे ठाण दिवसभर घडीतच राहील. गिऱ्हाईक सिंहली, म्हणून बोली सिंहली. पौर्णिमेला, म्हणजे तिथल्या 'पोया'च्या दिवशी, बौद्ध लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात. पांढऱ्या कापडाला त्यामुळे बारा महिने मागणी. एप्रिलच्या मध्यावर येणारे सिंहली-तमिळ नववर्ष हा तर कपड्याचा सर्वांत मोठा हंगाम. दुकानदाराचा सण कोणताही असो, माल गिऱ्हाइकाच्या सणाला भरावा लागतो.

हेच गणित महाराजा घराण्याने टीव्हीच्या धंद्यात मांडले. कॅपिटल महाराजा हा त्यांचा उद्योगसमूह. त्यांचा 'एस-लॉन' हा प्लॅस्टिकच्या पाइपांचा छाप तिथे घरोघरी माहीत आहे. पाइप विकणाऱ्यांनी १९९२ साली इंग्रजी वाहिनी काढली, १९९४ साली सिरसा हे रेडिओ केंद्र काढले आणि १९९८ साली दोन वाहिन्या सुरू केल्या : सिंहलींसाठी सिरसा आणि तमिळांसाठी शक्ती. एकाच गोदामातून तीन भाषांचा माल. परंतु गल्ला भरणारी भाषा सिंहलीच, कारण जाहिरातदाराला संख्या हवी असते.

खासगी वाहिनी प्रेक्षकाकडून पैसा घेत नाही. अँटेना लावला की चित्र फुकट. वाहिनी विकते ती प्रेक्षकाची वेळ, आणि ती घेतो जाहिरातदार. तीस सेकंदांच्या हिशेबाने भाव ठरतो. दुपारचा भाव वेगळा, संध्याकाळच्या बातम्यांचा वेगळा. संध्याकाळी सातच्या सुमारास सारे घर टीव्हीपुढे बसते, म्हणून झटापट तिथे. देरणा आणि हिरू यांनी आपल्या मुख्य बातम्या ६ वाजून ५५ मिनिटांनी ठेवल्या आहेत. शेजाऱ्याआधी पाच मिनिटे शटर उघडण्याचा हा प्रकार आपल्या कोणत्याही बाजारपेठेत दिसेल.

दुसरी कमाई स्पर्धांच्या कार्यक्रमांची. २००६ साली सिरसाने आपल्या इंडियन आयडॉलच्या धर्तीवर 'सिरसा सुपरस्टार' ही गायनाची स्पर्धा आणली. प्रेक्षकांनी मोबाइलवरून मते पाठवायची. कल्पना परदेशची, गळे गावोगावच्या पोरांचे. भारतातल्या मालिका सिंहली आवाज चढवूनही खूप चालल्या. तिथल्या कलावंतांचे पोट त्यामुळे मारले जाते अशी ओरड झाली आणि २००६ सालीच सरकारने परदेशी कार्यक्रमांवर कर बसवला. आयात मालावरची जकातच ही, फक्त माल गाठोड्यात बांधून येत नाही.

आता या धंद्यातली जोखीम. श्रीलंकेत टीव्ही सुरू झाला तोच खासगी. १३ एप्रिल १९७९ रोजी आयटीएन हे केंद्र चालू झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सरकारने ते ताब्यात घेतले. दुकान मांडून दोन महिनेही झाले नव्हते. पुढे खासगी वाहिन्यांना परवाने मिळू लागले, परंतु परवाना देणे सरकारच्या मर्जीवर राहिले. १९९७ साली एक नियामक मंडळ नेमण्याचे विधेयक आले होते. ते मंडळही सरकारच्याच मुठीत राहील या कारणाने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रोखले. २००७ साली खोटी बातमी दिल्याचे कारण देऊन एका समूहाच्या पाच रेडिओ केंद्रांचे परवाने एकदम रद्द झाले आणि नंतर परत मिळाले. त्याच समूहाने २०१२ साली हिरू टीव्ही काढला. ज्याचा परवाना एकदा गेला आहे, त्याला सरकारची नाराजी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

सिरसाला याहून मोठी किंमत मोजावी लागली. जानेवारी २००९ मध्ये यादवी युद्ध शेवटाला आले होते, सैन्याने किलिनोच्ची जिंकले होते. सिरसाने या विजयाला पुरेसे महत्त्व दिले नाही अशी टीका सरकारी माध्यमांनी चालवली. ६ जानेवारीच्या पहाटे तोंडे झाकलेली हत्यारबंद टोळी पन्निपिटिय येथील स्टुडिओत शिरली आणि तिने नियंत्रण कक्ष स्फोटाने उडवला. काही तासांत वाहिनीने प्रक्षेपण पुन्हा चालू केले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एकॉन या अमेरिकी गायकाच्या कार्यक्रमाला सिरसाचा पाठिंबा होता. त्याच्या एका चित्रफितीत बुद्धाची मूर्ती दिसते म्हणून जमाव चालून आला आणि कोलंबोतील कचेरीवर दगड पडले. गायकाला सरकारने व्हिसाच दिला नाही. सिंहलीत माल विकणाऱ्या तमिळ मालकाला सिंहली भावनेचे भान सतत ठेवावे लागते, आणि ते ठेवूनही दगड चुकत नाहीत.

आमच्या वाचकांना या व्यवहाराची दुसरी बाजू अधिक जवळची वाटेल. वाहिनीला पैसा देणाऱ्यांत मुसलमान व्यापारीही आहेत. तयार कपड्यांची मोठी दुकाने तिथे मुसलमानांनी उभी केली आणि ती सिंहली घरांत पोचली. २८ मार्च २०१३ रोजी कोलंबोजवळ पेपिलियान येथे फॅशन बग या कंपनीच्या गोदामावर जमावाने हल्ला केला. तारीख पाहावी. नववर्षाला जेमतेम दोन आठवडे होते. अशा वेळी गोदाम तुडुंब भरलेले असते आणि उधारी डोक्यापर्यंत चढलेली असते. कापडवाल्यालाच ही तारीख टोचेल.

२१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर बॉम्बस्फोटांनंतर तर प्रत्येक मुसलमान दुकानदार संशयाखाली आला. मे महिन्यात मिनुवंगोड वगैरे गावांत दुकाने जळाली. मुसलमानांकडून खरेदी करू नका, असे सांगितले जाऊ लागले. त्याच महिन्यात कुरुनेगलच्या सरकारी इस्पितळातील एका मुसलमान डॉक्टरवर, त्यांनी सिंहली स्त्रियांना गुपचूप वंध्य केले, असा आरोप वर्तमानपत्रातून झाला आणि तो टीव्हीवरून घरोघरी पोचला. डॉक्टर तुरुंगात गेले. चौकशीत पुरावा मिळाला नाही. २०२२ साली थकलेला पगार हाती आला तेव्हा त्यांनी तो औषधे घेण्यासाठी सरकारलाच देऊन टाकला. आरोप संध्याकाळच्या बातम्यांत दिवसामागून दिवस गाजला. निर्दोषपणाला तेवढी जागा मिळाली नाही. नववर्षाच्या हंगामात ज्या पडद्यावर मुसलमानांच्या दुकानांची साडी झळकते, त्याच पडद्यावर महिन्याभराने त्यांची साख उतरवली गेली. जाहिरातीचा भाव ठरलेला असतो, परंतु जाहिरात देणाऱ्याचा बातमीवर हक्क नसतो. तसा तो नसावा हेही खरे आहे, नाहीतर बातमी म्हणजे पैसेवाल्याची दलाली झाली असती. मात्र खोटी बातमी गेली तर दाद कोठे मागायची, याचे सोपे उत्तर त्या देशात व्यापाऱ्याला मिळाले नाही. वाहिनीला पत्र लिहायचे किंवा कोर्टाची पायरी चढायची.

सगळा हिशेब नुकसानीचाच आहे असेही नाही. आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती' ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून आला, त्यावरूनच सिरसाने 'सिरसा लक्षपती' काढला. जानेवारी २०२१ मध्ये गॉल येथील एक मुसलमान शाळकरी मुलगी त्यात बसली. त्या दिवसांत तिथे करोनाने मेलेल्या मुसलमानांनाही दफन न करू देता जाळण्याची सक्ती होती आणि समाज दुःखात होता. ही मुलगी हिजाब घालून आली, स्वच्छ सिंहलीत बोलली आणि देशाच्या इतिहासावरच्या प्रश्नांची उत्तरे अशी देत गेली की सिंहली घरांतूनही तिचे कौतुक झाले. बक्षीस घेऊन ती घरी गेली आणि कित्येक दिवस तिथल्या वर्तमानपत्रांत तिचे नाव चालले. दफनावरची बंदी फेब्रुवारीत उठली. त्यामागे बाहेरच्या देशांचा दबाव होता, मुलीच्या उत्तरांचा त्याच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु मे २०१९ मध्ये ज्या दिवाणखान्यांत डॉक्टरची बातमी पाहिली गेली, त्याच दिवाणखान्यांत ही मुलगीही पाहिली गेली.