हिमांतील चाक आणि घरांतील काटकसर

गेल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं कॅनडांतील मॉण्ट्रियल शहराहून आमच्या चिरंजीवांचा फोन आला. कुशलप्रश्न झाल्यावर तो थोडा घुटमळला व म्हणाला, “अण्णा, गाडीला हिंवाळ्याचे टायर घ्यायचे आहेत, पण चारांची किंमत ऐकून हात आखडतो. जुन्यांवरच हा एक हिंवाळा काढूं का?”

मोटारीच्या शास्त्रांत माझी गति शून्य, हें तो जाणतो. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या मास्तरास टायरांतलें काय कळणार? तरीहि त्यानें मला विचारलें, याचें कारण पैसा कोठें राखावा हें त्याला मींच शिकविलें. पेन्सिलीचा तुकडा बोटांत धरवेनासा होईपर्यंत वापरणाऱ्या घरांत तो वाढला आहे. “दोन दिवसांनीं सांगतों,” असें म्हणून मीं फोन ठेवला. पण मनाला स्वस्थता वाटेना. त्याच गाडींतून माझी सून आणि नात रोज जात-येत असतात.

मन अस्वस्थ होण्यास आणखीहि एक कारण होतें. आमचें भांडगांव पुणें-सोलापूर हमरस्त्यावर वसलेलें. पहांटे भाजीपाल्याच्या पिकअप गुलटेकडीच्या बाजाराकडे धांवतात, आणि हिंवाळा म्हणजे तर उसाचा हंगाम. रस्ता रात्रंदिवस वाहता असतो. दहा वर्षांपूर्वीं माझाच एक जुना विद्यार्थी आपल्या पिकअपचे टायर दाखवावयास घेऊन आला. नक्षी पुसून ते गुळगुळीत झाले होते. “मास्तर, आतां बदलूं, कीं कर्जाचा हप्ता आधीं भरूं?” मीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, “एवढा हंगाम जाऊं दे.” मार्गशीर्षांत अवकाळी पाऊस आला. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच गाडी घसरत जाऊन कडेच्या बाभळीवर आदळली. जीव वांचला, पण त्याचा उजवा हात आजहि खांद्याच्या वर जात नाहीं. त्यानें मला कधीं शब्दानें दोष दिला नाहीं; आणि हेंच मला अधिक लागतें. म्हणून या वेळीं सल्ला देण्यापूर्वीं स्वतः शिकावयाचें, असें ठरविलें. हमरस्त्यावरील टायरवाल्याच्या दुकानीं जाऊन बसलों, चिरंजीवांकडून तिकडील माहिती मागविली, आणि जें समजलें तें येथें देत आहें. वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज थंड देशांत आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

प्रथम प्रश्न असा कीं, हिंवाळ्याला निराळा टायर कशाला? रबराचा मूळ स्वभावच याला कारण आहे. कच्चें रबर उन्हानें चिकट होतें व थंडीनें कडक होतें. १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्लस् गुडइयर यानें गंधकासह तापवून त्याचा हा दोष पुष्कळसा घालविला. तथापि स्वभाव सर्वस्वीं गेला नाहीं. उन्हाळी टायराचें रबर सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं ताठर होऊं लागतें आणि रस्त्याला धरून राहात नाहीं. आपल्याकडे पौषांतल्या पहांटे पारा दहाच्या खालीं गेला कीं आपण शेकोटी पेटवितों, परंतु दुपारीं पुन्हां ऊन तापतें. म्हणून महाराष्ट्रांत अशा टायराचें कारण पडत नाहीं. मॉण्ट्रियलला पारा शून्याखालीं वीस अंश उतरला तर कोणी नवल करीत नाहीं. तेथें असें रबर लागतें कीं जें गारठ्यांतहि मऊ राहील. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक चिरा असतात; त्या बर्फाला चिमटीसारख्या धरतात. फिनलंडमधील एका रबर-कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींकरितां व १९३६ सालीं लहान मोटारींकरितां असे टायर काढले.

क्विबेक प्रांतांत तर कायदाच आहे. २००८ सालापासून तेथें हिंवाळ्यांत असे टायर सक्तीचे झाले. आरंभीं ही मुदत १५ डिसेंबरपासून होती, २०१९ पासून ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. टायराच्या अंगावर तीन शिखरांच्या पर्वताचें व त्यांत हिमकणाचें चित्र असावें लागतें. नुसतीं ‘एम’ आणि ‘एस’ हीं अक्षरें पाहून फसूं नये. चिखल व बर्फ यांचीं तीं आद्याक्षरें खरीं, पण तीं नक्षीची ठेवण सांगतात, बर्फावर झालेली परीक्षा सांगत नाहींत.

चिरंजीवांची पिकअप दांडग्या इंजिनाची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. तिच्याबरोबर आलेल्या जुन्या टायरांवर पर्वताचें चित्र होतें, म्हणजे कायद्याचें समाधान झालें होतें. मीं त्याला खांचांची खोली मोजावयास सांगितली. ती तीन मिलिमीटर भरली. तेथील केंद्रीय वाहतूकखात्याचा सल्ला असा कीं, चार मिलिमीटरच्या जवळ झिजलेला टायर बर्फाच्या रस्त्यावर घालूं नये. तेव्हां टायर घेणें प्राप्तच होतें. आतां उरला प्रश्न पैशाचा, आणि येथें काटकसरीला पुष्कळ वाव आहे असें आढळून आलें.

पहिली गोष्ट आकाराची. ऐटबाज पिकअपला वीस इंची रिमा असतात, आणि रिम जसजशी मोठी तसतसा टायर महाग. आंतील ब्रेकच्या भागांना अडचण होत नसेल, तर सतरा-अठरा इंची साध्या पोलादी रिमा घ्याव्या व त्यांवर उंच कडेचा टायर चढवावा. चाकाची एकंदर उंची मात्र तीच राहिली पाहिजे. टायर थोडा अरुंद असला तरी बिघडत नाहीं. तो बर्फ कापून खालीं पोंचतो. शिवाय रिमा स्वतंत्र असल्या म्हणजे दर सहा महिन्यांनीं टायर उतरविण्या-चढविण्याची मजुरी वांचते, आणि हिंवाळी जोड वापरांत असेतों उन्हाळी जोड विसांवा घेतो. पैसा एकदां अधिक गुंततो, पण दोन्ही जोडांचें आयुष्य वाढतें.

दुसरी गोष्ट वेगाची. टायरावर दोन खुणा असतात. एक आंकडा किती भार पेलेल तें सांगतो, एक अक्षर किती वेग सोसेल तें सांगतें. जबर इंजिनाच्या गाडीचे मूळ टायर फार मोठ्या वेगासाठीं बनविलेले, म्हणून महाग. बर्फावर तो वेग कोणाला हवा आहे? गाडीच्या पुस्तकांत मुभा असेल तर कमी वेगाच्या अक्षराचा हिंवाळी टायर खुशाल घ्यावा व त्या मर्यादेंत हांकावें. भाराचा आंकडा मात्र रतिभरहि कमी घेऊं नये. वेगांत काटकसर करावी, भारांत करूं नये, हें सूत्र मला त्या दुकानींच सुचलें.

तिसरी गोष्ट वयाची. टायराच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन वर्षांतील आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. गतवर्षीं तयार झालेला, पण नीट सांठविलेला न वापरलेला टायर पुष्कळदां सवलतींत मिळतो. तो घेण्यास हरकत नाहीं. वापरलेला घ्यावयाचा तर वय व खांच दोन्ही पाहूनच घ्यावा. ज्यांच्याकडे रस्त्यावरचा बर्फ लौकर काढला जातो, त्यांनीं पर्वताचें चित्र असलेला बारमाही टायर घेतला तरी चालतें. एकाच जोडांत वर्ष भागतें, मात्र गाढ हिमांत व कडक गारठ्यांत खऱ्या हिंवाळी टायराची सर त्याला येत नाहीं.

जेथें काटकसर करूंच नये तें स्थळहि सांगतों. दोनच टायर घेऊन भागवूं नये. पुढचीं चाकें रस्ता धरतात, मागचीं सुटतात आणि गाडी भोंवऱ्यासारखी फिरते. पिकअपचा हौदा रिकामा असला कीं मागचीं चाकें आधींच हलकीं असतात. म्हणून कित्येक लोक मागील आंसावर वाळूचीं पोतीं घट्ट बांधून ठेवतात. चारहि चाकांना जोर देणारी गाडी लौकर निघते हें खरें, पण ती लौकर थांबत नाहीं. थंडींत दर पांच-सहा अंशांना टायरांतील हवा चौरस इंचास सुमारें एक पौंड घटते; ती गाडी गार असतांनाच पाहावी. यास पैसा पडत नाहीं, आळस तेवढा टाकावा लागतो.

हाच धडा भांडगांवालाहि लागू आहे. आपल्या कायद्यानें चारचाकी गाडीच्या खांचा निदान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. खांचेच्या तळाशीं बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली कीं टायराचें आयुष्य संपलें. त्यानंतरचा प्रत्येक दिवस उसना असतो, आणि त्याचें व्याज कोण भरील तें सांगतां येत नाहीं. मितव्ययी मनुष्य अनावश्यक गोष्ट सोडतो. कृपण मनुष्य आवश्यक गोष्टहि सोडतो. मीं मुलांना पहिली गोष्ट शिकविली असें समजत होतों. दुसरीहि नकळत शिकविली कीं काय, अशी शंका मला उतारवयांत येते.

दोन दिवसांनीं मीं चिरंजीवांस सांगितलें, “चारहि नवे घे. रिम लहान घे, वेग कमी घे. भार तोच ठेव.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “अण्णा, तुम्ही खर्च कर म्हणून सांगाल असें वाटलें नव्हतें.”

मार्गशीर्षांत तिकडे पहिला बर्फ पडला. त्या रात्रीं नातीनें फोनवर सांगितलें, “आजोबा, आमच्या रस्त्यावर एक गाडी आडवी झाली, बाबांची सरळ थांबली!” फोन ठेवून मी बाहेर आलों. समोरून माझा तो जुना विद्यार्थी येत होता. त्यानें नेहमींप्रमाणें डाव्या हातानें रामराम केला.