नवी सीट आणि पेटलेला दिवा

उसाचे बिल हाती आले की गाडी कोल्हापुरात नेऊन नव्या ऐसपैस सीट बसवण्याची हौस होते. हौस जरूर करा. पण घरी येताना चालकापुढे बसलेल्या माणसाचे आणि गोल फुग्याचे चित्र असलेला दिवा पेटलेला दिसला, तर 'दिवाच तो, पेटेना का!' म्हणू नका. चावी फिरवल्यावर तो काही सेकंदांत विझला पाहिजे.

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी मोटारींना चालकासाठी एअरबॅग आणि सीटबेल्टची आठवण देणारी घंटी सक्तीची आहे. सीट म्हणजे आता नुसती गादी नव्हे. बेल्टच्या कुलपात कळ असते, शेजारी कोणी बसल्याचे ओळखणारी पट्टी गादीत असते, काही गाड्यांत बाजूची एअरबॅगही पाठीत असते. त्यांच्या तारा सीटखाली जोडलेल्या असतात. जोडणी सुटली की दिवा पेटतो. मग अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा राहत नाही.

सीटखालच्या पिवळ्या जोडणीला स्वतः हात लावू नका. जाणता मिस्त्री आधी बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबतो, मगच काम करतो. शेवटी तपासणी यंत्र लावून दोषाची नोंद पुसून घ्या. भलतीच जोडणी करून नुसता दिवा विझवून देणाऱ्यापासून दूर राहा. नुसते कव्हर घालायचे असले, तरी बाजूच्या एअरबॅगची जागा झाकू देऊ नका.

कडक सीटने पाठ दुखेल, पण एअरबॅग उघडली नाही तर घर उघडे पडेल.