रिक्षा किती जोरात धावावी?

शाळा सुटली आहे. दप्तरे मांडीवर घेऊन मुले रिक्षेत बसली आहेत. शेजारून एक मोटार पुढे निघते आणि मागचा मुलगा ओरडतो, "काका, टाका ना तिला मागं!" काका हँडलची मूठ पिळतात. इंजिनाचा आवाज वाढतो, पत्रा थरथरू लागतो. पण मोटार हां हां म्हणता दिसेनाशी होते. "काका, तुमच्या गाडीत दमच नाही!" मुलगा हिरमुसून म्हणतो. काका हसतात, "दम आहे रे. पण चाकं तीन आहेत!"

काकांच्या या छोट्याशा उत्तरात पदार्थविज्ञानाचा एक सबंध धडा दडलेला आहे. चला, तो उलगडून पाहू.

गांधीलमाशी आणि मधमाशी

आपली रिक्षा ही मुळात स्कूटरची बहीण. इटलीतील पिआज्जिओ कंपनीने १९४६ साली 'व्हेस्पा' ही स्कूटर बाजारात आणली आणि १९४८ साली तिचेच तीन चाकी भावंड, 'आपे', तयार केले. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी, म्हणजे ओझे वाहणारी कष्टाळू माशी. दोन्हींचा आराखडा कोराडिनो द'आस्कानियो या अभियंत्याचा. गंमत अशी की, हा मूळचा हेलिकॉप्टर बनवणारा! पहिल्या आपेचे इंजिन होते अवघे १२५ घन सेंटीमीटरचे. पुढे १९६० च्या दशकात पुण्याच्या बजाज कारखान्यातून स्कूटरबरोबर तीन चाकी रिक्षाही बाहेर पडू लागल्या.

म्हणजे रिक्षेचा जन्म शर्यतीसाठी झालाच नाही. थोड्या इंधनात, अरुंद रस्त्यांवरून, जमेल तेवढे ओझे नेणे हे तिचे काम. मग तिच्याकडून वेगाची अपेक्षा तरी किती करावी?

दमाचा हिशेब

गणितासाठी काही ठोकळ आकडे धरू. रिक्षेचे वजन ३५० किलोग्रॅम; चालक आणि तीन प्रवासी मिळून २४० किलोग्रॅम; थोडे सामान धरून एकूण ६०० किलोग्रॅम. इंजिन सुमारे २०० घन सेंटीमीटरचे, शक्ती ७ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ साडेनऊ अश्वशक्ती. यातील काही शक्ती गिअर आणि दांड्यांच्या घर्षणात खर्च होते. चाकांपर्यंत पोहोचते सुमारे ६ किलोवॅट, म्हणजे ६,००० वॅट. एखाद्या लहान मोटारीच्या इंजिनाची शक्तीही याच्या पाच-सात पट असते!

सपाट रस्त्यावर या शक्तीला दोन शत्रूंशी झुंजावे लागते. पहिला शत्रू म्हणजे टायर रस्त्यावरून फिरताना होणारा विरोध. तो वजनाच्या सुमारे दीड टक्का असतो. आपल्या रिक्षेसाठी हे बल झाले ९० न्यूटन. वेग वाढला तरी ते फारसे वाढत नाही.

दुसरा शत्रू अदृश्य आहे आणि जास्त हट्टी आहे. तो म्हणजे हवा. रिक्षेचा पुढचा भाग उंच आणि बोजड, बाजू उघड्या, मागे ताडपत्रीचे टप. हवा कापण्यासाठी याहून गैरसोयीचा आकार शोधायला कष्टच पडतील! हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. शिवाय शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून हवेशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे आठपट होते. दोन्ही विरोध एकत्र धरले तर लागणारी शक्ती अशी येते :

ताशी ३६ कि.मी. – १,६०० वॅट
ताशी ५४ कि.मी. – ३,८०० वॅट
ताशी ६५ कि.मी. – ५,८०० वॅट
ताशी ७२ कि.मी. – ७,६०० वॅट
ताशी ९० कि.मी. – १३,५०० वॅट

आपल्याजवळ आहेत ६,००० वॅट. म्हणजे ताशी ६५ कि.मी.च्या आसपास रिक्षेचा दम संपतो. मूठ कितीही पिळली तरी वेग पुढे जात नाही. ताशी ९० कि.मी. गाठायचे तर सव्वादोन पट शक्तीचे इंजिन हवे.

चढावर तिसरा शत्रू येतो, तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. दर १० मीटरला १ मीटर चढणाऱ्या घाटात ६०० किलोग्रॅमची रिक्षा सुमारे ५९० न्यूटन बलाने मागे खेचली जाते. तेथे तेच इंजिन योग्य गिअरमध्येही ताशी ३० कि.मी.हून अधिक वेग देऊ शकत नाही. आणखी तीन माणसे कोंबली तर वेग ताशी २३-२४ कि.मी.वर येतो. घाटात रिक्षा कण्हत जाते तो इंजिनाचा दोष नव्हे. ते साधे अंकगणित आहे.

मग मोठे इंजिन का बसवू नये? येथे काकांच्या उत्तराचा दुसरा भाग येतो : चाके तीन आहेत.

त्रिकोणाची गोष्ट

तीन पायांचे तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. मग तीन चाकी रिक्षा वळणावर कलंडते का?

रिक्षेची तीन चाके जेथे जमिनीला टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण तयार होतो. त्याचे टोक पुढे, पाया मागे. रिक्षा वळते तेव्हा आतल्यांना बाहेर फेकले गेल्यासारखे वाटते. हा जोर जणू गुरुत्वमध्यावर बाहेरच्या दिशेने लावलेला असतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका रिक्षा उलथवण्याचा प्रयत्न मोठा. आणि गुरुत्वमध्यापासून त्रिकोणाची बाजू जितकी दूर, तितका आधार पक्का.

मागच्या दोन चाकांतील अंतर ११५ सेंटीमीटर, पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत २ मीटर आणि भरलेल्या रिक्षेचा गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटर उंचीवर धरू. तो पुढच्या चाकापासून दोन तृतीयांश अंतरावर असेल, तर तेथे त्रिकोणाची बाजू फक्त ३८ सेंटीमीटर दूर आहे. ३८ भागिले ७० म्हणजे ०.५४. बाहेर फेकणारा जोर वजनाच्या ०.५४ पट झाला की आतल्या बाजूचे चाक उचललेच! याच मापाच्या चार चाकी गाडीत हा आकडा ५७.५ भागिले ७०, म्हणजे ०.८२ येतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या साधारण ०.७ पट असते. चार चाकी गाडी ०.८२ ला उलटेल, पण त्याआधीच ०.७ ला घसरू लागते आणि चालक सावध होतो. रिक्षा मात्र घसरण्यापूर्वीच ०.५४ ला उलटू लागते. तिला घसरून इशारा देण्याची सोयच नाही!

१५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा ताशी सुमारे ३२ कि.मी. येते. आता चालकाच्या दोन्ही बाजूंना दोन मुले बसवली, असे समजा. वजन पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे सरकले. त्यातच वळणावर काकांनी ब्रेक दाबला. ब्रेक लागताच भार आणखी पुढे झुकतो. हिशेब केला तर मर्यादा ताशी ३२ वरून २७ कि.मी.वर घसरते. ताशी २७ कि.मी. म्हणजे काही भरधाव नव्हे. शहरातला नेहमीचाच वेग! अपघात झाल्यावर लोक म्हणतात, "रिक्षा तर हळूच चालली होती." ते खोटे बोलत नसतात. त्यांना त्रिकोण दिसलेला नसतो.

पूर्वीच्या रिक्षांत इंजिन पुढे, चालकाच्या सीटखाली असे. पुढे ते मागे, प्रवाशांच्या सीटखाली गेले. त्यामुळे वजन त्रिकोणाच्या रुंद पायाकडे सरकले. विजेवर चालणाऱ्या रिक्षेत जड बॅटरी तळाशी बसवली तर गुरुत्वमध्य खाली येतो. पिआज्जिओनेच २००६ साली 'एमपी-३' ही वेगळी तीन चाकी स्कूटर आणली. तिची दोन चाके पुढे आणि एक मागे. शिवाय ती वळणावर दुचाकीसारखी आत कलते. म्हणून तिला मोठे इंजिन आणि जास्त वेग पेलतो. आपली रिक्षा कलू शकत नाही. तिचे लहान इंजिन तिच्या त्रिकोणाला साजेसेच आहे.

करून पाहा

जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा. एक आयत आणि एक त्रिकोण. रुंदी आणि लांबी सारखीच ठेवा. खोडरबराचे सारखे तुकडे पाय म्हणून कोपऱ्यांखाली चिकटवा. मध्यरेषेवर, पायाकडच्या भागात, सारख्याच उंचीच्या काड्यापेट्यांत वाळू भरून त्या बसवा. पाय घसरू नयेत म्हणून एका फळीवर सँडपेपर लावा. दोन्ही 'गाड्या' फळीवर आडव्या ठेवून फळी हळूहळू एका बाजूने उचला. कोणती गाडी आधी उलटते? तो कोन कोनमापकाने मोजा. आता त्रिकोणी गाडीवरील पेटी टोकाकडे सरकवून पुन्हा मोजा. मग पेटीवर आणखी एक पेटी ठेवा. तिन्ही कोन वहीत लिहा आणि फरकाचे कारण वर्गात सांगा.

हा प्रयोग झाला, की उद्या रिक्षेत बसताना आपोआप काही गोष्टी कराल. काकांच्या शेजारी बसायचे नाही. दप्तरे टपावर न ठेवता पायाशी ठेवायची. वळणावर सगळ्यांनी बाहेरच्या बाजूला रेलायचे नाही. आणि मोटार पुढे गेली तर तिला खुशाल जाऊ द्यायचे. सपाट, सरळ रस्त्यावर रिक्षेचा वेग इंजिन ठरवते. पण वळणावर तो ठरवतात तिची तीन चाके आणि तिच्यात बसलेले तुम्ही!