दोन टेम्पोंत बसतं, तिसरा कशाला?

सहा जणांचा माल बाजारात न्यायचाय. दोघांचा ४-४ क्विंटल, चौघांचा ३-३. टेम्पोत १० क्विंटल बसतो. कुणाचाही माल फोडायचा नाही. 'मोठा माल आधी' असं भरलंत तर तीन टेम्पो लागतात. मात्र ४, ३, ३ अशी सांगड घाला, दोनच पुरतात! एक भाडं वाचलं.

शंभर जणांचा माल असला की डोकं चालत नाही. तिथे अमेरिकेतील जॉन हॉलंड यांनी १९७५च्या पुस्तकात मांडलेली रीत कामी येते. संगणक अनेक वाटण्या करतो, चांगल्या निवडतो, त्यांचा संकर करतो. आपण बियाणं सुधारतो तसंच. सर्वोत्तम उत्तराची हमी नाही, पण बहुधा चांगलं मिळतं.

संगणक नसला तरी सोसायटीच्या सचिवांनी आदल्या दिवशी सगळी वजनं लिहून घ्यावीत, मगच गाड्या सांगाव्यात.