मियाटाचे सस्पेन्शन आणि ट्रॅक
1989 मध्ये आलेल्या माझदा मियाटाच्या चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आडव्या भुजांची रचना आहे. तरीही मूळ स्प्रिंग रोजच्या रस्त्यांच्या सोयीसाठी मऊ असल्याने ट्रॅकवरच्या वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते. कडक स्प्रिंग हा कल कमी करतात, मात्र स्प्रिंगचे हेलकावे शमवणारे डॅम्पर, म्हणजेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर, त्यांना साजेसे नसतील तर उंचसखल पृष्ठभागावर चाक उडून पकड सुटते, म्हणून दोन्ही एकत्रच बदलणे शहाणपणाचे. त्याआधी, फारसा खर्च न करता, चाकांचा माथा किंचित आत झुकवावा. या निगेटिव्ह कॅम्बरमुळे वळणात भार पेलणारा बाहेरचा टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो, अर्थात रोजच्या वापरात त्याची आतली कड लवकर झिजते.