मोत्याची विलायतवारी

आमच्या गाण्याच्या वर्गात उंबऱ्याला नाक टेकून एक श्रोता नेमाने बसत असे. त्याचे नाव मोत्या. माझी एक शिष्या त्याला बरोबर घेऊन येई, आणि तिचा यमन संपेपर्यंत स्वारी जागची हलत नसे. गेल्या वर्षी तिला लंडनला नोकरी लागली आणि मोत्याचे काय करायचे, हा प्रश्न पडला.

"त्याचंही तिकीट काढायचं, मास्तर, झालं!" ती म्हणाली. मलाही तसेच वाटले. पण वाचकहो, विलायतेला माणूस जाणे एक वेळ सोपे, कुत्रा जाणे महाकठीण!

भारतातून ब्रिटनमध्ये कुत्रा न्यायचा, तर आधी त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवावी लागते. तिच्यावरचा पंधरा आकडी क्रमांक हीच त्याची ओळख. मग रेबीजची लस. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तो तपासणीत उतरला, तरी नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. पुढे सरकारी पशुवैद्याचा दाखला. तो मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत तेथे पोचले पाहिजे. शिवाय पोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान डॉक्टरच्या हातून जंतांचे औषध, आणि त्याची नोंद.

मोत्याची गाडी पहिल्याच पायरीवर अडली. त्याला लस जानेवारीत टोचलेली, चिप बसवली फेब्रुवारीत. चिपेआधीची लस धरत नाहीत. कारण ती याच कुत्र्याला टोचली, याला पुरावा काय? झाले! १० फेब्रुवारीला पुन्हा लस, १२ मार्चला रक्त, म्हणजे जून उजाडेपर्यंत निघणे नाही. आणि तिला तर एप्रिलमध्ये कामावर रुजू व्हायचे होते.

मी चिडलो. म्हटले, एवढा कसला यांचा तोरा? मग थोडे वाचले, आणि राग निवळला. ब्रिटनने हा रोग एकदा घालवला होता. पहिल्या महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांनी कुत्री चोरून आणली, त्यांतून तो १९१८ मध्ये पुन्हा शिरला असे मानतात. तो निपटायला १९२२ साल उजाडले. २०१२ पर्यंत आपल्याकडून गेलेल्या कुत्र्याला तेथे सहा महिने कोंडून ठेवीत. त्या मानाने हे तीन महिने घरच्या अंगणातले. त्या अवधीत एकच पाहायचे असते, की लस टोचण्याआधीच रोग अंगात शिरलेला नाही ना. पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत आपल्या गल्लीबोळांना का ठाऊक नाही?

माझे वडील तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गात. ते सांगत, बारी येईपर्यंत तंबोरा जुळवून गुमान बसावे लागे. मध्येच उठला त्याची बारी गेली. मोत्याचेही तसेच झाले. शिष्या एप्रिलमध्ये गेली आणि तो माझ्याकडे राहिला. पहिले आठ दिवस त्याने नीट खाल्ले नाही. संध्याकाळी वर्ग सुरू झाला, की उंबऱ्याशी येऊन रस्त्याकडे पाहत बसे.

जूनमध्ये आणखी एक कलम पुढे आले. मालकाच्या आणि जनावराच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर पडले, तर ते जनावर व्यापारी माल समजतात आणि त्याचे नियम निराळे. मोत्या म्हणजे माल! फोनवर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मास्तर, मीच येते." नव्या नोकरीतली रजा आणि साठवलेले पैसे खर्चून ती आली.

फाटकाची कडी वाजली मात्र, मोत्या उठला. पुढचे मी लिहीत नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना सांगायला नको.

मुंबईहून तो पेटीत बसून मालाच्या विभागातून गेला, कारण ब्रिटनला विमानाने जायचे तर कुत्र्याला तीच वाट. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: त्यांनी आधी चिप वाचली, मग कागद पाहिले, आणि सोडले.

आता कोणी शिष्य परदेशी निघाला, की मी पहिला प्रश्न विचारतो, "घरात जनावर आहे का?" असेल तर सांगतो, "बाबा, व्हिसाच्या आधी त्याच्या चिपेचे बघ, आणि लस त्यानंतरच."

उंबऱ्याशी त्याची गोणपाटाची घडी अजून आहे. वर्गातली मुले तिला ओलांडून आत येतात. ती उचला असे मी कोणाला सांगितलेले नाही.